उघडं बॉनेट

गल्लीच्या तोंडाशी चार माणसं दिसली आणि आसारामअण्णांनी सवयीने गाडीचं बॉनेट उघडलं. डिस्ट्रिब्यूटरची टोपी उचलली, आतला अंगठ्याएवढा रोटर काढून कोपरीच्या खिशात टाकला आणि चेहरा चिंताक्रांत केला. तो रोटर काढला की ठिणगी पुढे जात नाही, आणि गाडी म्हणजे नुसता लोखंडी पलंग.

साखर कारखान्यात हेडक्लार्की करून निवृत्त होताना अण्णांनी साहेबाची जुनी काळी मोटार लिलावात घेतली होती. गावात दुसरी मोटार नव्हती. त्यामुळे गावाने तिला चावडीइतकीच सार्वजनिक मानली. वरात निघाली की अण्णा, पाहुणे काष्टीच्या बाजाराला निघाले की अण्णा. माणूस भिडस्त. नाही म्हणणं स्वभावात नव्हतं, म्हणून ते काम त्यांनी इंजिनाला लावून दिलं होतं.

पण आज माणसं जवळ आली तेव्हा पुढे गोजरबाई होती. तिचा मुलगा दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेला, घरी सून दिवस भरलेली.

"अण्णा, लंकी अडलीया," ती धापा टाकत म्हणाली. "पहाटंपास्नं कळा देतीया. सुईन म्हनती पोर आडवं हाय. शेवगावच्या दवाखान्यात न्यायला पायजे. गाडी काढता का?"

अण्णांचा हात खिशाकडे गेला. 'जरा थांबा, आत्ता सुरू करतो' हे वाक्य अगदी ओठांवर आलं. पण गोजरबाईमागे सहादेव उभा होता. त्याच्या मुलाच्या वरातीलाही गाडी अशीच आजारी पडली होती.

"आज काय झालं गाडीला?" सहादेवने विचारलं. 'आज' वर त्याने जरा जोर दिला होता.

"करंट येत नाही," अण्णा म्हणाले. हे खरं होतं. "बघ ना!" आणि ते दिसावं म्हणून त्यांनी प्लगांच्या चारही वायरी उपटून दाखवल्या.

"तुमी तरी काय करनार?" गोजरबाईने उलट त्यांचीच समजूत घातली. "मशीन हाय. मानसावानी आजारी पडायचीच." आणि ती बैल जुंपायला पळाली. त्या साली चाऱ्यावाचून बैलांची अशी दशा होती की त्यांनाच कुणीतरी धरून चालवावं.

बैलगाडी वेशीबाहेर गेल्याचा आवाज आला तेव्हा अण्णा तसेच उभे होते. दारात अण्णांच्या पत्नी मालनबाई आल्या.

"खिशात काय हाय?"

अण्णांनी रोटर काढून तळहातावर धरला.

"अहो, अडलेली बाई हाय ती! वरात न्हवं!"

अण्णांनी घाईघाईने रोटर बसवला, वायरी खोचल्या, हँडल मारलं. गाडी खोकली. पुन्हा मारलं, तर कार्बोरेटरमधून फाडकन शिंकली. तिसऱ्यांदा हँडलने उलट उसळी घेतली आणि बोटांची सालपटं काढली.

आता मात्र ती खरोखरच बिघडली होती.

अण्णांनी पेट्रोल येतंय का पाहिलं, येत होतं. वायर लोखंडाजवळ धरली. निळी ठिणगी पडली. दोन्ही असून गाडी चालू होईना.

"त्या बाईशी खोटं बोललात," मालनबाई मागून म्हणाल्या. "आता गाडीशी तरी खरं वागा."

अण्णा वाकून बघत राहिले. पेट्रोल आहे, ठिणगीही आहे, पण दोघांची गाठ भलत्या वेळी पडतेय. म्हणजे क्रम चुकला. कुणाचा? त्यांनी वायरी बोटाने मोजल्या. एक, दोन, तीन, चार. हेडक्लार्कच्या हाताने फायली लावाव्यात तशा अनुक्रमे खोचलेल्या. इंजिनाला सेवाज्येष्ठता कळत नाही. त्याला एक, तीन, चार, दोन लागतं. हे त्यांना पाठ होतं. पण आजवर वायरींना हात लावायची वेळ आली नव्हती. नाटकाला रोटर पुरत असे.

वायरी बदलल्या. हँडल मारताच गाडी गुरगुरून उठली. असं गोड गुरगुरणं अण्णांनी कधी ऐकलं नव्हतं, आणि त्या दिवशी ते त्यांना ऐकवेना.

बैलगाडी कोरड्या ओढ्याच्या वाळूत रुतलेली सापडली. लंकाला मोटारीत घेतलं तेव्हा ती ओरडायची थांबली होती. अण्णांनी शेवगावपर्यंत गाडी दामटली.

ऊन उतरणीला लागल्यावर नर्सबाई बाहेर आल्या. "आई वाचली," त्या म्हणाल्या. मग गोजरबाईवरच डाफरल्या, "इतका उशीर करतात का? जरा आधी आणली असती तर मूलही हाती लागलं असतं."

"मोटार बिघडल्याली हुती, बाई," गोजरबाई म्हणाली. "ह्या अण्णांनी सोताच्या हातानं दुरुस्त केली. मिस्त्री न्हाई, फिस्त्री न्हाई. नायतर लंकीबी गेली असती."

नर्सबाईंनी अण्णांकडे आदराने पाहिलं.

"गोजरबाई," अण्णा पुढे होत म्हणाले. "चूक माझी झाली. वायरी मीच..."

"चुकायचंच की! तुमी काय मिस्त्री हाय का?" तिने त्यांचा हात ओढून उजेडात धरला. "अगं बया, केवढं सोलवटलंय! सांगायचं न्हाई व्हय?"

"ते असू द्या. तुम्ही माझं ऐका..."

"गप बसा."

तिने बोचकं सोडलं. आत जुन्या लुगड्याचं, धुऊन धुऊन मऊ केलेलं फडकं होतं. कडेला कुणीतरी हिरव्या दोऱ्याची टीप घातलेली, बाळाला टोचू नये म्हणून आतल्या बाजूने. गोजरबाईने ते क्षणभर दोन्ही हातांवर धरलं. मग टीप दाताने तोडली, फडकं उभं फाडलं आणि अण्णांच्या बोटांभोवती गुंडाळायला लागली.

"लई आवळलं का?" तिने विचारलं.

अण्णांनी मान हलवली, आणि हात तसाच पुढे धरून ठेवला.