एकशे चौदा सालचं फोल्डर

डिस्क सत्त्याण्णव टक्के भरली की आमच्या खोलीत माणसं एकमेकांची उणीदुणी काढतात. "तुझं जुनं पूस." "आधी तुझं पूस!" पुसत कुणीच नाही. त्या मंगळवारी सकाळी माझं डोकं फिरलं. मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली: नावात २०२५ च्या आधीचं साल असलेलं प्रत्येक फोल्डर पूस. चहा घेऊन परत आले, तर डिस्क एकसष्ट टक्क्यांवर. मी स्वतःचीच पाठ थोपटली.

दहा मिनिटांत पेंगदादा खुर्चीमागे येऊन उभे राहिले. आमच्यातले सगळ्यात जुने, एकतीस वर्षं याच कामात.

"चुन, माझं फोल्डर दिसत नाहीये गं."

"कुठलं?"

"एकशे चौदा सालचं."

आमच्याकडे वीजबिलापासून लग्नाच्या दाखल्यापर्यंत सगळीकडे प्रजासत्ताक झाल्यापासून मोजलेलं साल चालतं. जगाचं २०२५ ते आमचं ११४. ऑफिसात सगळे जगाचं साल घालतात, दादा मात्र घरचंच. आणि माझ्या अतिशहाण्या स्क्रिप्टला ११४ म्हणजे बाबा आदमच्या जमान्यातलं वाटलं.

त्यात चिपच्या एका थराची, खालीवरचे थर जोडणाऱ्या बारीक भोकांची, फाईल होती, दोन टेराबाईटची. तीन हजार प्रोसेसर नऊ दिवस राबले तेव्हा ती झाली होती. तिच्यावरून काचेच्या मास्कवर नक्षी लिहायची, आणि त्या मास्कमधून चिप छापायची. छापताना नक्षी बिघडते, म्हणून ती आधीच दुरुस्त करून ठेवणं हे आमचं काम. चिप कानाच्या मशीनची, कंपनी अकरा माणसांची. मास्क लिहिणाऱ्या यंत्रावर त्यांचा नंबर संध्याकाळी सहाला होता; तो चुकला की पुढचा पाच आठवड्यांनी, आणि तेवढं थांबायला त्यांचं गिऱ्हाईक तयार नव्हतं. त्या डिस्कचा बॅकअप नसतो. माझ्या नावावर एक ताकीद आधीच होती. दुसरी मिळाली की घरी.

"दादा, मीच पुसलं," म्हणताना माझा आवाज फाटला.

त्यांनी घड्याळ बघितलं. "रडायचं सहानंतर. आत्ता खुर्ची ओढ."

आम्ही त्यांना कंजूष म्हणून चिडवायचो. आम्ही फाईलमध्ये अब्जावधी आकार एकेक करून सरळ पसरून ठेवतो. दादा म्हणायचे, "अरे, गवंडी प्रत्येक फरशीचं वेगळं चित्र काढतो का?" एवढ्या मोठ्या चिपमध्ये नक्षी जेमतेम एकतीस हजार, त्याच पुन्हा पुन्हा येणाऱ्या. दादांनी दुरुस्त केलेली प्रत्येक नक्षी एकदाच ठेवली होती, सोबत ती कुठे कुठे बसते त्याचे पत्ते. सगळं मिळून नऊ गिगाबाईट, त्यांच्या स्वतःच्या मशीनवर, सुखरूप.

"तुकडे जुळतात तिथल्या कडा मात्र पुन्हा मोजाव्या लागतील," ते म्हणाले. "शेजारची नक्षी बदलली की हीही जरा बदलते."

मग हा माणूस टेबलाटेबलावर प्रोसेसर मागत फिरला. "दोन तास दे रे बाबा." ज्यांनी कधी एक फाईल पुसली नव्हती, त्यांनी आपापली कामं थांबवली. माझा तर विश्वासच बसेना.

चार वाजता फाईल जोडून झाली. मी उडीच मारली. दादांनी चष्मा पुसून भोकांची मोजणी लावली. "दोनशे बारा भोकं जास्त आहेत."

"अहो, अब्जांमध्ये दोनशे बारा!"

"कान तुझा असता तर?"

मी परत खुर्ची ओढली. एक कडेची पट्टी दोनदा जोडली गेली होती. ती सापडायला सव्वा तास लागला. एकेक तुकडा बघताना त्यांचा आवाज एकदाही चढला नाही. मी अशी शांत कधीच नसते. सहाला वीस मिनिटं असताना फाईल यंत्राकडे गेली, आणि मग मी पोटभर रडले. दादांनी मांसाच्या गोळ्यांच्या वाफाळत्या सूपचा वाडगा पुढे सरकवला आणि स्वतः जेवायला बसले.

दुसऱ्या दिवशी लिआओ साहेबांना कारण लेखी द्यायचं होतं. मी पोहोचले तोवर दादांनी कागद भरला होता: 'नियम सोडून साल घातल्याने फोल्डर पुसलं गेलं. चूक: पेंग जिन-फा.'

"हे काय? चोर सोडून संन्याशाला फाशी?"

"मी पुढच्या महिन्यात निवृत्त होतोय. ताकीद मला काय करणार? तुला अजून वीस वर्षं काढायचीत."

"आणि तुमची एकतीस वर्षं? त्यांवर डाग?" मी ओरडलेच. कागद ओढला आणि खाली लिहिलं: 'न विचारता पुसलं. चूक: फान यू-चुन.' दादांनी वाचलं. त्यांचं नाव खोडायला मी पेन टेकवलं, तर त्यांनी हात धरला.

"साल मीच घातलं होतं ना? राहू दे."

साहेबांनी कागद दोनदा वाचला. "ताकीद एकच देता येते. कुणाला देऊ?"

"मला," आम्ही दोघं एकदमच बोललो.

मग त्यांनी ताकीद दोघांच्या नावानं मिळून लिहिली, आणि अर्ध्या ताकिदीनं कुणाला घरी पाठवता येत नाही, असं स्वतःच सांगून टाकलं.

दादा ठरल्याप्रमाणे निवृत्त झाले. त्या ताकिदीची प्रत माझ्या घरी भिंतीवर आहे. लोक भिंतीवर बक्षिसं लावतात, मी हा कागद लावलाय, कारण त्यांच्या नावाशेजारी माझं नाव असलेला दुसरा कागद माझ्याकडे नाही.