पट्टा काढून बघितलास ना?

बटण दाबलं की मोटार घुरघुरायची आणि खट्ट! करंट जास्त झाला की मोटार बंद करणारा स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले पडायचा. पुन्हा दाबलं, पुन्हा खट्ट.

"काय हो धाकटे," आरागिरणीचा मालक अंगावरचा भुसा झटकत म्हणाला, "थोरल्यांना दिसत नाही वाटतं आता?"

धाकट्याच्या मनातही तेच होतं. दुकान दोघा भावांचं, पण जळलेल्या मोटारीत नवी तार भरायची ती दादानेच; हीही त्यानेच भरलेली. आताशा तो तार पार नाकाशी धरून बघायचा. आज ना उद्या हा चुकणार, असं धाकट्याने कधीचंच धरून ठेवलं होतं.

रिलेचं सेटिंग बरोबर होतं. करंट मात्र तिन्ही तारांत भरमसाट. आता मोटारीवरून करवतीला जाणारा पट्टा काढायचा आणि मोटार नुसती फिरवून बघायची. सुटी चालली तर दोष करवतीकडे, नाही तर मोटारीत. शेंबड्या पोरालाही कळेल असं काम. मोटार न्यायची म्हणून पट्टा निघालाही, पण तोवर धाकट्याने तारा सोडवल्या होत्या. परत कोण जोडत बसतंय? मोटार टेम्पोत चढली.

एवढ्या मोठ्या मोटारीला पुरेल असं कनेक्शन दुकानात नव्हतं. दादाने नुसता मीटर लावला.

"यात तर काही दिसत नाही रे."

"मीटरला सगळं दिसतं होय!"

"पट्टा काढून चालवून बघितलीस ना?"

"हो."

झालं. दादाने पुढे एक अक्षर विचारलं नाही. छिन्नी घेतली आणि स्वतः भरलेली तार स्वतःच तोडून काढली. मग चष्मा पुसत म्हणाला, "यापुढे तू भर बाबा. माझा हात गेला." दुसऱ्या दिवसापासून तो दुकानात आलाच नाही.

धाकट्याने जीव ओतून तार भरली. मोटार परत बसवली, पट्टा चढवला, बटण दाबलं.

खट्ट.

त्याने स्विच पाडला. पट्टा काढला. मोटार लोण्यासारखी फिरली. करवतीचा दांडा हाताने फिरवून बघितला, तर हलेना. बेअरिंग भुशाने गच्च धरलं होतं.

"म्हणजे थोरल्यांचं काम..." मालक म्हणाला.

"चांगलं होतं."

बेअरिंग बदलून, करवत चालू करून तो घरी आला तेव्हा दादा ओट्यावर बसला होता, वहिनी शेजारी कपड्यांच्या घड्या घालत होती.

"चालली?"

"चालली."

"बघ! मीच उगाच अडवून बसलो होतो तुला," दादा हसला. मनापासून हसला, तेच धाकट्याला सोसेना.

"दादा, तेव्हा मी पट्टा काढून बघितलंच नव्हतं. बेअरिंग धरलं होतं."

"कसला पट्टा?" वहिनीने विचारलं.

दादा आपल्या हातांकडे बघत राहिला. "मग माझं बरोबर होतं."

"हो."

"भंगारात घातलं रे आपण ते."

"शिव्या दे मला. कानाखाली वाजव."

"जेवून घे," दादा म्हणाला आणि आत गेला.

सकाळी धाकट्याच्या आधी दादा दुकानात हजर. तार पुन्हा तोच भरू लागला, पहिल्यासारखीच. त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. फक्त आता धाकटा गिऱ्हाइकाकडून आला आणि "बघितलं मी, मोटारच गेलीय" म्हणाला, की दादा मान डोलावतो, हातातली तार खाली ठेवतो आणि चपला शोधायला लागतो.

"तू बस," म्हणतो, "मी एकदा बघून येतो."