नोटिशीतला तिसरा मासा

दस्तगीरने पेटीतला बर्फ बाजूला सारला आणि हात तसाच आत ठेवला. वर सुरमई होती, तिच्याखाली बांगडे, आणि बांगड्यांखाली जे हाताला लागलं ते त्याने मागवलेलं नव्हतं. खरखरीत कातडी, मोहरीएवढे डोळे, पाठीवरचा दुसरा पर जरा जास्तच मोठा. शार्कचं पिल्लू. मेलेलं.

त्याने मान वर केली. समोरच्या भिंतीवर नोटीस होती. महिन्यापूर्वी मासळी खात्याने लातूरच्या बाजारात प्रत्येक गाळ्यात ती चिकटवली होती. आठ शार्कांची चित्रं आणि खाली, 'जाळ्यात चुकून आल्यास तत्काळ समुद्रात परत सोडावा. बाळगणे, कापणे, विकणे गुन्हा. परवाना रद्द होईल.' समुद्र तिथून चारशे किलोमीटरच्या पुढे होता. पण नियम सगळ्या जिल्ह्यांना सारखाच असतो.

त्याने माल पाठवणाऱ्या हर्णै बंदरावरच्या व्यापाऱ्याला फोन लावला.

"अरे, मुशी असेल," बाजारात चालणाऱ्या लहान शार्कचं नाव घेत तो म्हणाला. "काप नि वीक. डोकं उडवलंस की सगळ्या मुशीच."

सादिया डबा घेऊन आली. दस्तगीरची ही धाकटी मुलगी डॉक्टरकीच्या क्लासला होती, आणि त्या क्लासची फी या गाळ्यावर निघत होती. तिने पेटीत पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, पुन्हा पेटीत वाकली.

"अब्बा, ही त्या चित्रांतली तिसरी हाय."

"मुशी हाय."

"मुशीचा डोळा एवढा बारीक नसतो. तुम्हीच शिकवलं मला."

दस्तगीरने सुरी उचलली. आज महिन्याचा पहिला मंगळवार होता. दहा वाजता मासळी खात्याचे गुरुपादप्पा साहेब तपासणीला येणार, आणि घड्याळात दहाला सात कमी होते. त्याने सुरी पात्याकडून पुसली. मग मुठीकडून पुसली.

"कापता का?" सादियाने विचारलं.

त्याने सुरी फळीवर ठेवली आणि हात पुन्हा पेटीत घातला.

साहेब दहाच्या ठोक्याला आले. गळ्यात इष्टलिंग, नाकाला रुमाल. साहेबांच्या सात पिढ्यांत कुणी माशाला शिवलं नव्हतं. नोकरी लागली तेव्हा जागा मात्र याच खात्यात रिकामी होती. सहा वर्षं त्यांची तपासणी एकाच पद्धतीने चालली होती. ते दारात उभे राहत, दस्तगीर नावं सांगे, ते लिहीत. बाजारात बाकीच्या गाळ्यांतल्या माशांचीही नावं तोच सांगे.

"सांगा दस्तगीरभाई."

"सुरमई. बांगडा." त्याने पेटीतला हात काढला नाही. "आन्..."

"आणि?"

नाव सांगायचं, साहेबांनी लिहायचं. हे काम त्याला नवं नव्हतं. भूकंपाच्या साली तो बावीसचा होता, सायकलवर सुकट घेऊन किल्लारीकडच्या गावांत दारोदार फिरायचा. त्या रात्री औशाला बहिणीकडे होता म्हणून वाचला. दारं ओळखणारा माणूस म्हणून साहेब लोकांनी त्याला ओळीने झोपवलेल्या माणसांपुढे उभं केलं. तो तोंड बघून नाव सांगे, साहेब लिहीत. एका बाईपाशी त्याला खात्री नव्हती. मागे रांग होती, वरून पाऊस. तो म्हणाला, मल्लम्मा. साहेबांनी लिहिलं. सहाव्या दिवशी मल्लम्मा सोलापूरच्या दवाखान्यातून जिवंत परत आली, आणि कागदावर जिवंत व्हायला तिला पुढे दोन वर्षं लागली. त्यावर गावात लोक अजून हसतात. ती दुसरी बाई कोण होती, हे मात्र कुणी विचारलं नाही.

"मुशी ना?" साहेबांनी पेन टेकवलं. "शेपूट दिसायलीय."

सादिया बापाकडे बघत होती.

"न्हाई साहेब," दस्तगीर म्हणाला. "नोटिशीतली तिसरी."

पेन थांबलं.

"भाई, नीट बघा. मुशीच असंल."

"बघितलं. मुलीनंबी बघितलं."

"आता मला वरून विचारतील, समुद्रात परत का सोडला न्हाई. काय सांगू?"

"लातुरात समुद्र न्हाई म्हणून सांगा."

"थट्टा सुचायलीय तुम्हाला? परवाना जाईल. चौकशी लागंल. अहो, मी मुशी लिहितो. मला कुठं काय कळतंय?"

"तुम्हाला न्हाई कळत, साहेब," दस्तगीर म्हणाला. "मला कळतंय ना."

त्याने भिंतीवरच्या खिळ्यावरून परवाना काढला, ओल्या हाताचे डाग पडू नयेत म्हणून कडेला धरला आणि साहेबांच्या वहीवर ठेवला.

साहेबांनी परवान्याकडे पाहिलं. मग त्यांनी रुमाल खिशात घातला आणि सहा वर्षांत पहिल्यांदा उंबरा ओलांडून आत आले. पेटीवर वाकले. चेहरा आक्रसला, पण ते वाकलेलेच राहिले.

"टेप हाय का, बेटी?"

सादियाने टेप धरली. साहेबांनी पिशवीतून चुकून सापडलेल्या शार्कचा एक कोरा फॉर्म काढला. छापून आल्यापासून त्याची घडी मोडली नव्हती. लांबी लिहिली. कुठून आला ते लिहिलं. शेवटच्या ओळीपाशी ते अडले.

"भाई, इथं विचारलंय, समुद्रात परत सोडल्याची वेळ."

"रिकामं ठेवा."

"रिकामं कसं ठेवायचं?"

"ठेवा, साहेब. न्हाई ठाऊक ते रिकामंच ठेवायचं."

साहेबांनी जागा रिकामी ठेवली. सादियाने त्या पिलावर नवा बर्फ ओतला, हाताने सारखा केला. तोंड तेवढं दस्तगीरने झाकू दिलं नाही. "पुढं कुणाला वळखायचं असंल," तो म्हणाला.