बटण बंद केलेला दिवा

वर बघा. आरशात नको, आरशाच्या मागे, छताला. तिथला तो पिवळट दिवा म्हणजे मी. सौमित्रच्या गाडीत राहतो आणि आज जरा रागातच बोलतोय. माणसांना माझी आठवण सीटखाली पडलेली किल्ली शोधताना येते. एरवी पेटलो तर का पेटलास म्हणून बोलणी खायची, एवढंच माझ्या नशिबी.

माझं काम अगदी साधं. एखादं दार उघडं असलं की पेटायचं, सगळी नीट लागली की विझायचं. महागड्या गाड्यांत चालवणाऱ्याच्या समोरही तसा इशारा असतो. आमच्या गाडीत ते ओझं माझ्या एकट्यावर.

फ्रीगंजच्या शोरूममधून गाडी निघाली तो दिवस मी विसरलेलो नाही. बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकांखाली लिंबं. मागच्या सीटवर सौमित्रची आई, अक्का, ठेवणीतली साडी नेसून बसली. जन्मभर जीपची आणि टेम्पोची दारं ओढलेला तिचा हात. तिनं दार धाडकन लावलं.

"अक्का, पटकू नको ग! गाडी आहे, ट्रॅक्टर नाही!" सौमित्र सगळ्यांसमोर खेकसला.

शोरूमची माणसं हसली. अक्काची मैत्रीण मंगला आली होती, तीही हसली. अक्कासुद्धा हसली, पण तिचा चेहरा पडलेला मी वरून पाहिला. मला तेव्हाच वाईट वाटलं.

त्या दिवसापासून ती दार असं लावू लागली, जसं आत कुणी तान्हं मूल निजलंय. दार पहिल्याच खटक्यावर अडकायचं. बाहेरून बघणाऱ्याला लागल्यासारखं दिसे, पण मला ते उघडंच कळायचं. मग मी पेटून राहायचो. दर शनिवारी संध्याकाळी अक्का नदीकाठच्या राम घाटावर आरतीला जायची. आठवड्यातलं तिचं तेवढंच काय ते बाहेर पडणं. जाताना मी पेटलेला, येताना पेटलेला. घरी उतरल्यावरही ती दार तसंच हळू लोटायची आणि मी रात्रभर जळत राहायचो. रविवारी बॅटरी ठप्प!

मग सौमित्र माझ्या मागे हात धुऊन लागला. मोबाइलवर व्हिडिओ बघून त्यानं माझं झाकण उचकटलं, बल्ब बदलला, फ्यूज काढून फुंकून परत बसवला. देवास गेटजवळच्या मिस्त्रीनं सवयीनं चारही दारं जोरात लावली. मी अर्थातच विझलो.

"अभी तो बुझ गई, साहब. फिर जले तो बटन बंद कर देना. गाड़ी को क्या फ़र्क पड़ता है?"

सौमित्रची बायको मधुरा एकदा म्हणाली, "अरे, हे शनिवारीच का होतं? अक्का बसतात तेव्हाच?"

"अक्काचा काय संबंध? कुछ भी बोलतेस तू!" झालं, विषय संपला. इतका शिकलेला माणूस, पण मागे वळून एक दार बघणं जमलं नाही त्याला.

पुढच्या शनिवारी घाटावर निघताना मी पुन्हा पेटलेलाच. "हद्द आहे यार ह्या लाइटची!" म्हणत सौमित्रनं हात वर केला आणि माझं बटण बंद करून टाकलं.

"विझला का रे? बरं झालं बाई," मागून अक्का म्हणाली. "किती दिवस परेशान केलं तुला त्यानं."

घाटाकडच्या वळणावर समोरून रिक्षा आली. सौमित्रनं गाडी झटक्यात वळवली, तसं अक्काच्या बाजूचं अर्धवट लागलेलं दार आपोआप उघडलं आणि ती पूजेच्या तबकासकट रस्त्यावर पडली. तिचा खुबा मोडला. ती कळवळत होती, दार सताड उघडं होतं आणि मला पेटता येत नव्हतं. त्या क्षणाइतकी चीड मला कधी आली नाही.

दवाखान्यातून तिला ह्याच गाडीतून घरी आणलं. वाटेत मधुरानं विचारलं, "अक्का, त्या दिवशी दार नीट लागलं नव्हतं का हो?"

"मी हळूच लावते ना. गाडीचं दार पटकायचं नसतं."

"असं कोण म्हणालं तुला?" सौमित्रनं विचारलं. त्याला खरंच आठवत नव्हतं.

अक्का खिडकीबाहेर बघत राहिली. "कोणी नाही रे. मलाच आपलं वाटलं."

आता तिचा राम घाट सुटला. वॉकर धरून खोलीतून ओट्यापर्यंत जाते, तेवढंच. तिला डॉक्टरांकडे नेताना सौमित्र स्वतः उतरून तिचं दार लावतो, चांगलं धाडकन. माझं बटण अजून बंदच आहे. ते चालू करावं असं कुणाच्या मनातही आलेलं नाही.

माझं जाऊ द्या. तुमच्या गाडीतला दिवा विझत नसेल तर आधी त्याच्यावर हात उगारू नका. खाली उतरा, चारही दारं बघा. आणि जो सगळ्यांत हळू दार लावतो त्याच्याशेजारी घटकाभर बसून विचारा, की बाबा, तुला कोण काय बोललं होतं?