मेरेरिडने न वाजवलेली शिट्टी

दोन आखूड शिट्ट्या: चल, मेंढ्यांकडे.

मे महिन्यात माझ्या लेकीने, मेरेरिडने, जेवताना सांगितलं की सप्टेंबरात ती कार्डिफ शहरात जाणार. तिथल्या इस्पितळात कृत्रिम पाय बनवायला शिकणार. तेगिदने बटाटा कापला, लोणी लावलं, खाल्ला. मग म्हणाला, "मॉटचं काय?"

माझ्या नवऱ्याचं बोलणं असंच. पोटातलं सगळं तो कुत्र्याच्या नावाने विचारतो.

पण प्रश्न खरा होता. आमच्या मेंढ्या वरच्या डोंगरावर मोकळ्या चरतात. जुलैत लोकर कातरायला त्यांना खाली आणायचं तर कुत्रा हवा, आणि मॉट फक्त मेरेरिडचं ऐकायचा. तेगिदचा गुडघा गेलेला. मॉट त्याचं ऐकायला शिकला नाही तर मेंढ्या विकायच्या, नाहीतर मेरेरिडने राहायचं.

ती राहिलीही असती. मला त्याचीच भीती होती.

लांब, सरळ शिट्टी: बस.

दुसऱ्या दिवसापासून तिने कुत्र्याला हात लावणं सोडलं. खाणं तेगिदने द्यायचं, साखळी तेगिदने सोडायची. मॉट येऊन तिच्या बुटावर हनुवटी टेकायचा. ती पाय काढून घ्यायची.

"अगं, इतकं निष्ठुर होऊ नये."

"आई, तो माझ्याकडे बघत राहिला तर बाबांकडे कधी बघणार?"

मग शिट्ट्या. मेरेरिड शिट्टी शिकली माझ्या वडिलांकडे, दरीपलीकडे. तिथे चढत्या सुराला कुत्रा डावीकडे जातो, उतरत्याला उजवीकडे. तेगिदच्या घराण्यात बरोबर उलटं. लग्न ठरवताना हे कुणी विचारलं नव्हतं.

"म्हणजे या वयात मी सासऱ्याची शिट्टी वाजवायची?"

"हो. तुम्ही बदला. मॉट तुमच्यापेक्षा हट्टी आहे."

"तू कुत्र्याला शिकवतेयस की मला?"

"कुत्र्याला सगळं येतं, बाबा."

ती त्याच्या पाठीशी उभी राहायची. मग भिंतीआड. मग स्वयंपाकघरात, खिडकी लावून. तिथून तिला काही ऐकू येत नसे, तरी तिची बोटं ओठांपाशी हलत.

उतरता सूर: उजवीकडे. (तेगिदच्या हाडात मात्र: डावीकडे.)

मेंढ्या उतरवायच्या दिवशी शेजारच्या सगळ्या शेतांवरची माणसं येतात, ज्याची त्याची जागा ठरलेली. मेरेरिड आणि मी खालच्या फाटकावर होतो. तेगिद वर. कळप उतरू लागला आणि मधेच डावीकडे सरकला. तिकडे पाटीच्या दगडाच्या जुन्या खाणीचा कडा आहे. कुत्रा त्या बाजूला जायला हवा होता.

तेगिद घाबरला, आणि घाबरलेल्या माणसाच्या तोंडी बापाचीच शिट्टी येते. उतरती.

मॉटने ऐकलं. अगदी शिकवल्याप्रमाणे उजवीकडे धावला आणि कळप आणखी कड्याकडे रेटला.

मेरेरिडची बोटं ओठांवर गेली. तिची शिट्टी तिथवर पोचली असती. एकदा पोचली असती तर मॉटला कायमचं कळलं असतं की खरी धनीण कोण.

"वाजव की गं," मी म्हटलं.

तिने माझ्या पिशवीतून मनुकांच्या पावाची जाड चकती काढली आणि सगळीच्या सगळी तोंडात कोंबली. गाल फुगले. हात खिशात घातले. आणि वर बघत राहिली.

मी बरीच माणसं शेत सोडून जाताना पाहिली आहेत. काही भांडून गेली, काही गुपचूप. आपल्यावाचून चालावं म्हणून इतकं झिजलेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही, आणि हे मी आई म्हणून म्हणत नाही.

वरून लांब, सरळ शिट्टी आली. मॉट बसला. पुढच्या मेंढ्या थबकल्या.

मग चढता सूर. कापरा, पण माझ्या वडिलांचा. मॉट वळसा घालून डावीकडे गेला आणि त्याने कळप कड्यापासून वळवला.

फाटकापाशी शेजारचा गेरैंट हसत होता. "काय रे तेगिद, आज सासरेबुवा आले होते का मदतीला?"

"तू फाटक लाव," तेगिद म्हणाला. मग लेकीसमोर येऊन उभा राहिला. मेपासून त्याने कार्डिफबद्दल एक शब्द विचारला नव्हता.

"तुझ्या त्या कार्डिफच्या खोलीला खिडकी आहे का?"

तिचं तोंड अजून भरलेलं. तिने मान हलवली.

"कुठल्या बाजूला?"

तिने घास गिळला. "रेल्वेच्या."

"मग कसली झोप लागतेय तुला," तो म्हणाला आणि लंगडत लोकर कातरायच्या गोठ्याकडे निघाला.

मॉट त्याच्या मागोमाग गेला, वळून न बघता.