सशाची अंडी

महिपत मुंबईला एका साहेबाच्या बंगल्यात भांडी घासायचा, पण गावाला हे ठाऊक नव्हतं. वरंध घाटाच्या खालच्या अंगाला, डोंगराच्या पोटात त्याची वाडी होती आणि त्या वाडीत सगळे त्याला बटलर म्हणत. त्यानं स्वतःच्या तोंडानं तसं कधी सांगितलं नव्हतं. फक्त दुसऱ्या कुणी म्हटलं तर तो ते खोडून काढत नसे. शिवाय साहेबाची टाकलेली काळी टोपी घालून गावात शिरणाऱ्या माणसाला मसालची म्हणायचं कुणाच्या मनात येणार? मसालची म्हणजे खानसाम्याच्या हाताखालचा आणि भांड्यांच्या ढिगाच्या वरचा. एवढाच काय तो त्याचा हुद्दा.

त्या चैत्रात साहेब, मडम आणि पोरं हवा खायला महाबळेश्वरला गेली. खानसामा बरोबर गेला. मागे भांडी राहिली, पण ती उष्टी करायला कुणी नव्हतं, म्हणून महिपतला रजा मिळाली. दासगावच्या बंदरात उतरून, महाडच्या बाजारात पोरीसाठी साखरेची गाठी घेऊन तो चालत वाडीत आला आणि अंगणात पाय ठेवल्या ठेवल्या त्यानं हात पसरले.

"ये गो बाय, ये. बापूस आला तुजा."

शकू ही त्याची एकुलती एक लेक. तो गेला तेव्हा पाळण्यात होती, आता वाडीभर धावत होती. तिनं त्या टोपीकडे पाहिलं, टोपीखालच्या मिशांकडे पाहिलं, आणि असं भोकाड पसरलं की पलीकडच्या वाडीतली कुत्री भुंकायला लागली. महिपतनं टोपी काढली. भोकाड आणखी वाढलं.

पुढचे दिवस तसेच गेले. तो पुढच्या दारानं आत आला की पोरगी मागच्या दारानं बाहेर. ती म्हाताऱ्या कोंडाजीच्या मांडीवर बसायची, शेजाऱ्याच्या बोकडाच्या गळ्यात पडायची, पण बापाची सावली दिसली की आईच्या पदराआड. बोकडाला जे मिळत होतं ते आपल्याला मिळत नाही, याचं महिपतला फार वाईट वाटायचं. परत जायच्या आत तिनं एकदा, फक्त एकदा, आपल्या पायांनी चालत येऊन मांडीवर बसावं, एवढंच त्याचं मागणं होतं.

"तुमी नवं हाय तिला," त्याची बायको रखमा म्हणाली. "व्हईल हळूहळू वळख."

"कवा? मी बोटीत बसल्यावर?"

आणि मग महिपतला मडमेची टोपली आठवली.

मडमेची धाकटी मुलगीही अशीच हट्टी, बापाशी महिना महिना न बोलणारी. पण गेल्या वर्षी त्यांच्या ईस्टरच्या सणाला मडमेनं वेताची एक टोपली भरली आणि बागेतल्या झुडपात लपवली. आत कागदाचं हिरवं गवत, उकडून रंगवलेली अंडी, चाकलेटची अंडी, साखरेच्या पिवळ्या गोळ्या, लांब कानांचा कापडी ससा आणि वर लाल फीत. पोरीनं झुडपं धुंडाळून टोपली शोधली आणि धावत जाऊन बापाच्या गळ्याला मिठी मारली. महिपत हे सारं मोरीच्या खिडकीतून बघत होता. हातातली कढई त्यानं तेव्हा दोनदा घासली.

त्या संध्याकाळी कोंडाजीच्या अंगणात चार माणसं बसली होती. तिथं बटलरनं ही हकिकत सांगितली आणि ती सांगताना, मडमेला टोपली भरायची अक्कल आपणच शिकवली, असं थोडंसं सूचित केलं.

"पर ससा कशाला त्यात?" कोंडाजीनं विचारलं. म्हाताऱ्यानं उमेदीत पुष्कळ ससे मारून खाल्ले होते.

"अंडी ससा आनतो."

"कुठनं?"

महिपतनंही खानसाम्याला हेच विचारलं होतं आणि खानसाम्यानं त्याला भांडी घासायला पाठवलं होतं. "त्योच घालत आसंल," तो म्हणाला. "सायबाच्या मुलखात घालतो ससा."

"मंग कोंबडी काय पिल्लांना दूध पाजते रे तिथं?"

अंगण हसून हसून लोळलं. महिपतही हसला, पण मनात म्हणाला, हसा लेको, उद्या माझी पोरगी माझ्या गळ्यात पडेल तेव्हा बघा.

दुसऱ्या दिवशी रखमा रानात लाकडांना गेली, पोरीलाही घेऊन गेली, आणि बटलर चुलीपाशी बसला. वेताची टोपली वाडीत कुठली असणार? खुंटीला रखमाची परडी होती, ती त्यानं काढली. कागदाच्या गवताऐवजी भाताचा पेंढा घातला. अंडी घरात होती. खुडूक कोंबडीखाली रवणाला, म्हणजे उबवायला, घालायला रखमानं जमवून ठेवलेली, त्यातली निम्मी त्यानं उचलली. एकदम सगळी उचलण्याइतका तो शूर नव्हता. हळदीच्या पाण्यात ती उकडली तशी झकास पिवळी झाली. मडमेच्या अंड्यांवर लाल नक्षी होती, म्हणून त्यानं रखमाच्या करंड्यातलं कुंकू ओलं करून प्रत्येक अंड्यावर बोटं ओढली. साखरेच्या पिवळ्या गोळ्या नव्हत्या, पण परसात लिंबू होतं, चांगलं पिवळंधमक. तेही ठेवलं. मग साखरेची गाठी.

राहिला ससा. मोडक्या छत्रीचं काळं कापड फाडून, त्यात कोंडा भरून महिपतनं ससा शिवला. जन्मात पहिल्यांदा हातात सुई धरलेली. कान लांब झाले, तोंड जरा माणसासारखं झालं, पाय तर झालेच नाहीत. डोळे म्हणून कुंकवाचे दोन ठिपके दिले आणि गळ्याला लाल दोरा बांधला. महिपतनं परडी हातभर लांब धरून पाहिली. मडमेच्या टोपलीला तोड नव्हती, पण इथं कुणी मडमेची टोपली पाहिलीय?

आता लपवायची कुठं? पोरीच्या रोजच्या वाटेवर हवी. सकाळी रखमा पाण्याला जायची तेव्हा शकू तिचा पदर धरून जायची, आणि वाटेत तिठ्यावर करवंदीची एक जाळी होती. अंधार पडायच्या वेळी महिपतनं जाऊन परडी जाळीच्या बुडाशी ठेवली, थोडी दिसेल अशी. घरी येऊन तो इतका खुशीत होता की निम्मी अंडी कुठं गेली म्हणून रखमानं विचारलं तेव्हा त्यानं मुंगसावर आळ घेतला.

सकाळी तो मुद्दाम मागं रेंगाळला. रखमा शकूला घेऊन पुढे गेली. पोरगी परडी घेऊन धावत येईल तेव्हा आपण अंगणात उभं असावं, असा त्याचा बेत होता. उभा राहून राहून पाय दुखले. पोरगी आली नाही. कुणीच आलं नाही. मग वाटेवरून गलका ऐकू आला आणि महिपत तिकडे निघाला.

तिठ्याच्या अलीकडे अख्खी वाडी उभी होती. बायकांच्या कमरेवर रिकामे हंडे, गुरं मागं अडकलेली, आणि सगळ्यांच्या पुढे हात आडवे पसरून कोंडाजी.

"कुनी पाय टाकू नका फुडं! उतारा हाय. आन साधा नाय, लई जबरी हाय. ती काळी बाहुली बघा. कान हायत तिला."

"कान कशाला, आबा?" रखमानं शकूला छातीशी घट्ट धरून विचारलं.

"ऐकायला."

सगळे दोन पावलं मागं सरले. महिपतनं मान उंचावून पाहिलं. तिठा. परडी. हळदीची अंडी, त्यावर कुंकवाची बोटं. लिंबू. काळी बाहुली, गळ्याला लाल दोरा. लहानपणापासून असल्या वस्तू दिसल्या की तो स्वतः लांबून वळसा घालून जायचा. कुणाच्या अंगावरून उतरून टाकलेली पीडा, जो ओलांडेल त्याला धरणारी. मांडायला भगत बसला असता तरी एवढी बिनचूक मांडणी त्याला जमली नसती! मुंबईत राहून महिपतला साहेबाची भाषा आली नव्हती, रीत आली नव्हती, फक्त आपल्या वाडीत काय कुठं ठेवू नये एवढं तो विसरला होता.

कोंडाजी म्हणाला, पोलादपूरकडचा भगत आणायला माणूस धाडा, तो येईपर्यंत ही वाट बंद. पाण्याचं काय, बायकांनी विचारलं. कोंडाजी म्हणाला, जिवापरीस पाणी मोठं काय? आणि मग कुणीतरी हळूच विचारलं, पण ठेवलं कुणी?

नजरा एकेक करून साळूबाईकडे वळल्या. तिठ्याच्या जवळ एकटी राहणारी म्हातारी विधवा. तीही बिचारी हंडा घेऊन उभी होती.

"माज्याकडं काय बघता रे?" ती म्हणाली, आणि हंडा खाली ठेवला.

आता बोलायलाच हवं होतं. महिपतला ते कळत होतं. आपण बोललो की बटलर संपला, जन्मभर नाव पडणार, हेही कळत होतं. साळूबाईचा चेहरा दिसत असताना आपण नावाचा विचार करतोय, याची त्याला शरम वाटली. त्यानं तोंड उघडलं.

तेवढ्यात शकूला गाठी दिसली. ती आईच्या हातातून सुळकन खाली सरकली, कोंडाजीच्या हाताखालून गेली आणि थेट परडीपाशी जाऊन बसली. रखमा किंचाळली. ती धावली, पण बायकांनी तिला धरलं. महिपत मात्र जाळीपर्यंत पोचला होता.

बाप अंगावर धावून येताना पाहून शकूचा ओठ थरथरला. आता भोकाड येणार हे महिपतला अनुभवानं कळलं. काय करावं सुचेना, म्हणून त्यानं परडीतलं अंडं उचललं आणि स्वतःच्या कपाळावर फोडलं.

टक्क.

शकूचं तोंड उघडंच राहिलं. त्यानं दुसरं फोडलं. टक्क. त्याच्या कपाळावर हळदीकुंकवाचा पट्टा उमटला, टरफलं मिशीला अडकली. आणि पोरगी हसली. सगळी वाडी श्वास रोखून उभी असताना ती खदखदून हसली, एक अंडं तिनं स्वतः उचललं आणि ते बापाच्या कपाळावर आपटता यावं म्हणून त्याच्या मांडीवर चढली.

"महिपत, सोड त्या पोरीला! पिडेनं धरलंय तुला!" कोंडाजी ओरडला.

"मला काय बी धरलं नाय, आबा. उतारा न्हवं त्यो. मीच ठेवलाय. खाऊ हाय पोरीचा."

"खाऊ? तिठ्यावर?"

"सायबाकडं आसाच ठेवतात. तो ससा हाय."

कोंडाजीनं बराच वेळ सशाकडे पाहिलं. "बटलर हायस ना रे तू?" तो म्हणाला.

"भांडी घासतो मी, आबा," महिपत म्हणाला. मांडीवरच्या पोरीनं त्याच वेळी पुन्हा अंडं हाणलं. "निस्ती भांडी घासतो."

पहिली हसली ती साळूबाई. मग सगळी वाडी हसली, गुरं सुटली, बायका पाण्याला गेल्या. कोंडाजीनं मात्र तेच लिंबू महिपतवरून उतरून लांब फेकलं. खाऊ असला तरी तिठ्यावर ठेवलाय, उगाच घोळ नको. रखमानं मुंगसाचा हिशेब घरी गेल्यावर चुकता केला.

त्या दिवसापासून शकू बापाला सोडेना. महिपत जाईल तिथं ती, आणि ती जाईल तिथं तो पाय नसलेला ससा. सकाळी उठली की कोंबडीखालचं अंडं काढून बापाच्या कपाळाकडे धावायची, आणि रखमा मधेच हिसकावून घ्यायची. "कच्चं हाय गो ते! उकडलेलं नाय!" शकूला हा फरक कधीच पटला नाही.

रजा संपली. निघायच्या पहाटे रखमानं त्याच परडीत भाकऱ्या बांधून दिल्या. महिपतनं आत डोकावलं तर शकूनं दोन्ही हात परडीवर ठेवले.

"नाय बघायचं," ती म्हणाली. मग वाडीच्या कडेला आईच्या कमरेवर बसून तिनं पुन्हा तेच भोकाड पसरलं, पहिल्या दिवशीसारखं. यावेळी ते तो जात होता म्हणून होतं.

पुढं मुंबईच्या खोलीत महिपत ही गोष्ट स्वतःच रंगवून सांगायचा. सशाच्या कानापाशी लोक हसायचे आणि तो सर्वांच्या आधी हसायचा. परत येताना मचव्यात, त्या शिडाच्या बोटीत, काय झालं ते मात्र तो सांगत नसे.

दासगावहून मचवा सुटला. शेजारी नाते गावचा एक म्हातारा होता. त्यानं विचारलं, काय करतोस मुंबईला, आणि महिपतनं न अडखळता सांगितलं, भांडी घासतो. मग भूक लागली म्हणून परडी उघडली. भाकऱ्यांच्या खाली, पेंढ्यात नीट झाकून एक अंडं ठेवलं होतं. त्याला हळद नव्हती, पण लहान बोटांनी कुंकू फासलेलं होतं. महिपतला भरून आलं. पोरीनं आपल्यासाठी लपवलं! त्यानं ते उचललं आणि सवयीनं कपाळावर हाणलं.

फच्च.

बलक कपाळावरून नाकावर, नाकावरून मिशीत ओघळला. अख्खा मचवा हसला. महिपतही हसला, पण त्यानं तोंड पुसलं नाही. तो तसाच मागं, वाडीच्या डोंगराकडे बघत बसला.

"काय रे, रडतोस काय?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"नाय ओ," महिपत म्हणाला. "अंडं गेलं डोळ्यात."