हळू आवाजातली नोटीस

चाळीस वर्षं वाचनालयात लोकांना "हळू बोला" सांगून सांगून स्वतःचाच आवाज बसलेला माणूस म्हणजे हळूकाका. हे नाव गल्लीने ठेवलेलं. त्यांनी कधी हरकत घेतली नाही. घेतली असती तरी कुणाला ऐकू गेली नसती. बायकोशी भांडायचे तेही कुजबुजत. निम्मं भांडण काकूंच्या "काय म्हणालात?" मध्येच जायचं आणि तेवढ्यात राग निवायचा.

अशा माणसाच्या नशिबी भाडं थकवणारा भाडेकरू यावा, हे काही बरं झालं नाही. माडीवरच्या खोलीत रेडिओ दुरुस्त करणारा एकटा माणूस राहायचा. नऊ वर्षं त्याने एक तारीख कधी चुकवली नव्हती. मग एका महिन्यात अर्धंच भाडं आलं, दुसऱ्या महिन्यात "पुढच्या वेळी देतो" आणि तिसऱ्यापासून तर त्याचं खाली येणंच बंद. दार वाजवलं तर उघडायचा नाही. वर दिवसभर रेडिओ असा ठणाणा लावायचा की खालच्या कपाटातल्या बशा थरथरायच्या.

"कानात बोळे घालून बसलाय मेला," काकू म्हणाल्या. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन त्या भाड्याच्या भरवशावर ठरलं होतं. जिना चढणं सोडाच, साधी पायरी उतरतानाही त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. "तुम्ही सांगणार आहात, की मी सांगू?"

काकांनी तीन दिवस मनात वाक्य घोळवलं. चौथ्या दिवशी वरचं दार उघडं दिसलं तसे आत शिरले. नेमका तेव्हा रेडिओ बंद होता. रेडिओवाला भिंग लावून एका उघड्या डब्यात तारा जोडत बसला होता. भल्या माणसाच्या तोंडाकडे बघून असलं बोलवेना, म्हणून काका खिडकीकडे वळले आणि म्हणाले, "एक तारखेला खोली रिकामी करा. माझा नाइलाज आहे."

"हो, हो," रेडिओवाला हसून म्हणाला. "चालायचंच."

काका किल्ला सर केल्यासारखे खाली आले. एका शब्दाची कुरकुर नाही, असं त्यांनी काकूंना दोनदा सांगितलं, आणि काकूंनीही त्या दिवशी त्यांना आपणहून दुसरा चहा दिला.

एक तारखेला नवी भाडेकरू टेम्पो घेऊन दारात हजर. हॉस्पिटलात नोकरी करणारी मुलगी, सोबत एक गादी, दोन पेट्या आणि शिलाई मशीन. आणि माडीवर रेडिओ ठणाणतच होता. काकूंचा पारा चढला. गुडघा विसरून, कठड्याला धरून, त्या वर्षभरात पहिल्यांदा जिना चढल्या. मागे काका, त्यांच्यामागे ती मुलगी. बराच वेळ दार बडवून शेवटी काकूंनी ते ढकललं.

रेडिओवाला पाठमोरा बसला होता, रेडिओच्या जाळीला कान लावून. तो गोंगाट काकांना सोसवेना. त्यांनी भिंतीवरचं बटण बंद केलं.

खोली एकदम शांत झाली. रेडिओवाला हलला नाही. डोळे मिटून, कान तसाच जाळीला लावून, तो बंद रेडिओची चकती हळूहळू फिरवत राहिला. काकूंनी तोंडावर हात ठेवला.

डोळे उघडले तेव्हा त्याला काट्यामागचा दिवा विझलेला दिसला आणि मग दारातली ही तिघं. तो चोरी पकडली गेल्यासारखा उठला.

"गिऱ्हाईकं रेडिओ परत आणतात," तो गरजेपेक्षा मोठ्याने म्हणाला. "खरखर येते म्हणतात. मला ती खरखरच ऐकू येत नाही हो. सांगू कुणाला? बहिऱ्याकडे रेडिओ कोण टाकणार?" मग काकांकडे वळला. "त्या दिवशी तुम्ही खिडकीशी काहीतरी म्हणालात. मला वाटलं, हवेबद्दल बोलताय, म्हणून हो म्हटलं. काय म्हणाला होतात, काका?"

आता आली का पंचाईत. खिडकीला कुजबुजून सांगितलेलं आता याच्या डोळ्यांत बघून ओरडून सांगायचं. काकांना स्वतःची लाज वाटली. त्यांनी काकूंकडे पाहिलं. त्या गुडघ्यावर हात दाबून उभ्या होत्या, आणि ते दुखणंही काही खोटं नव्हतं.

"हवेबद्दलच म्हणालो," काका ओरडले. खाली टेम्पोवाल्याने दचकून वर पाहिलं.

काकू नवऱ्याकडे बघतच राहिल्या. मग त्या मुलीला म्हणाल्या, "तू बाई आमची खालची पुढची खोली घे. उजेड जास्त आहे, जिनाही नाही. यांची पुस्तकं आहेत तिथे, ती आम्ही आमच्या खाटेखाली सारू." काका काही म्हणणार तोच त्यांनी स्टूल पुढे ढकललं. "आणि तुम्ही बसा इथे. याला कान हवेत. तुम्हाला तर कुणी पान उलटलेलं ऐकू येतं."

मुलगी सामान उतरवायला गेली. काका बसले. रेडिओवाल्याने रेडिओ लावला, भीतभीत काटा फिरवला आणि परीक्षेचा निकाल ऐकायला उभं राहावं तसा त्यांच्या तोंडाकडे बघू लागला.

"आहे अजून," काका पुटपुटले. समोरच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. तेव्हा त्यांनी घसा खाकरला आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "खरखर आहे. अजून आहे. होऊ दे सावकाश, मी बसलोय."